पिकअपचा टिपर करताय? आधी काट्यावर जाऊन या

तालुका प्रतिनिधी

मार्च उलटला की शेणखत, मुरूम, वाळू-खडीच्या खेपा सुरू होतात. मजूर मिळत नाही, मिळाला तर एक पिकअप रिकामी करायला तास-दीड तास जातो. त्यामुळं गावोगावची पोरं सध्या एकच विचारतात, जुनी पिकअप घेऊन तिला जॅक बसवला तर भाड्याचा धंदा होईल का?

होतो. पण गाडी निवडताना आपण किंमत आणि मायलेज बघतो आणि तिथंच फसतो. मीही फसलोय. चार वर्षांपूर्वी पाऊण टन पासिंगची जुनी गाडी घेतली आणि शेडवर जॅक बसवून घेतला. दुसऱ्याच उन्हाळ्यात केबिनच्या मागं चासी वाकली. गाडी भंगारात गेली, हप्ते मात्र पुढं दीड वर्ष भरले. चूक गाडीची नव्हती, हिशेब मीच केला नव्हता. तो आज मांडतो.

जॅकच वजन खातो

गाडीचं पासिंग म्हणजे तिनं किती माल न्यायचा ते. टिपर करताना जुना हौदा उतरतो आणि त्याजागी जाड पत्र्याचा हौदा, खालची जादा फ्रेम, जॅक, पंप, तेलाची टाकी एवढं चढतं. हे सगळं वजा-जमा करून लहान गाडीवर दोन-अडीचशे, मोठ्या पिकअपवर तीन-साडेतीनशे किलो वाढले असं धरा. तेवढं पासिंग मालातून कमी झालं.

म्हणजे २००५ साली आलेल्या छोट्या हत्तीच्या वर्गातली गाडी, पासिंग पाऊण टनाच्या आसपास, टिपर केल्यावर उरली अर्ध्या टनाची. बोलेरो पिकअप, दोस्त, इंट्रा या वर्गातली दीड टनाची गाडी उरली साधारण ११५० किलोची.

आता माल बघा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. एक ब्रास वाळू साडेचार टनाच्या घरात जाते, मुरूमही तसाच. म्हणजे मोठ्या पिकअपच्या टिपरमध्ये कायद्यानं पाव ब्रास बसतो, छोट्या गाडीत त्याच्या निम्माही नाही. गिऱ्हाईक मात्र अर्धा ब्रास टाक म्हणतं. तिथून चासी वाकायला सुरुवात होते.

कोणत्या कामाला कोणती

गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेचा गाळ ओढायला लहान टिपर घेऊ नका. एकराला ४०० घनमीटर गाळ धरला तर टनभर नेणाऱ्या गाडीला साडेपाचशेच्या वर खेपा पडतात. चार ब्रासचा हायवा तेच काम ३६ खेपांत उरकतो. घरी ट्रॅक्टर असेल आणि काम शेतातलंच असेल, तर जॅकची ट्रॉली स्वस्त पडते.

लहान टिपरचं काम वेगळं आहे. गावातल्या अरुंद बोळात घरकुलाची वाळू-खडी पोचवणं, वाळलेलं शेणखत, कोंबडखत, ग्रामपंचायतीचा कचरा. कचरा हलका असतो, म्हणून घंटागाडीला छोटी गाडी पुरते. असे टिपर कंपनीतूनही तयार मिळतात. वाळू-खडी करायची तर दीड टनाच्या खाली बघूच नका.

गाडीखाली वाकून बघा

शिडीसारखी वेगळी चासी असलेलीच गाडी घ्या. व्हॅनसारख्या, बॉडी आणि चासी एकच असलेल्या गाड्या या कामाच्या नाहीत. केबिनच्या मागं आणि पाट्यांच्या हँगरजवळ वेल्डिंगचं ठिगळ दिसलं तर सौदा सोडा. लांब हौद्याची गाडी दिसायला बरी, पण टिपरला आखूड बरी. हौदा उचलल्यावर ओला मुरूम वरच चिकटून बसला तर लांब गाडी लवकर कलंडते.

जादा पाटे टाकले की झालं, असं शेडवाले सांगतात. पाट्यानं गाडी बसत नाही, एवढंच. ब्रेक, ॲक्सल आणि टायर तेच राहतात. घाटात उतरताना ते कळतं. लहान गाडीत पंप बहुधा बॅटरीवर चालतो आणि दीड-दोनशे अँपियर ओढतो. बॅटरी जुनी असेल तर हौदा अर्ध्यातच थांबेल. वर उचललेल्या हौद्याखाली लोखंडी टेकू लावल्याशिवाय डोकं घालू नका.

कागदाचं काय

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलंय. बेकायदा बदल सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एका बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ओव्हरलोडला कायद्यात २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये लिहिलेत. सगळ्यात वाईट म्हणजे अपघात झाला आणि आरसी बुकात टिपरची नोंद नसली, तर विमा कंपनीला हात वर करायला निमित्त मिळतं. म्हणून शेडवर जायच्या आधी आरटीओची लेखी परवानगी घ्या.

एक दिलासा आहे. ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, असा निकाल नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं दिलाय. मुरूम-वाळूला मात्र महसूलची पावती लागतेच. ती नसेल तर गाडी तहसीलच्या आवारात उभी राहते आणि हप्ता काही थांबत नाही.

इसार देण्याआधी एवढं करा. रिकामी गाडी काट्यावर घाला. शेडवाल्याकडून जॅक-हौद्याचं वजन कागदावर लिहून घ्या. दोन्हींची बेरीज आरसी बुकातल्या एकूण वजनातून वजा करा, जुना हौदा उतरणार असेल तर त्याचं वजन परत मिळवा. उरेल तेवढाच तुमचा माल. त्या मालाच्या भाड्यात डिझेल, हप्ता आणि टायर निघत असतील तरच गाडी घ्या. काट्याची पावती शंभर-दोनशे रुपयांत मिळते. मी ती वाचवली होती.