आधी नाव सांगा



माझा धाकटा भाऊ आपल्याच शाळेत तिसरीत आहे. तुम्ही हसलात तरी तो ओळख दाखवत नाही, म्हणून काहीजण त्याला ‘शिष्ट’ म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही.

त्याला स्वमग्नता आहे. अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा मुलांविषयी लिहिले. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग कायद्यातही तिचा उल्लेख आहे. सर्वच स्वमग्न मुलांचे असे नसते, पण पुष्कळांना चेहरे लक्षात ठेवणे जड जाते. डोळे अधू नसतात. आमचा हा तर लांबून एसटीची पाटी वाचतो! तो माणसे ओळखतो ती आवाजावरून, चालीवरून, कपड्यांवरून. शाळेत सगळ्यांचा गणवेश सारखा, तिथेच त्याची पंचाईत होते.

मला तो दोन वेण्यांवरून ओळखायचा. यंदा जत्रेला मी साडी नेसून अंबाडा घातला, तर तो माझ्या अंगावरून सरळ पुढे गेला. हाक मारली तेव्हा वळला. मला रडूच आले. मग भीती वाटली, एवढ्या गर्दीत मी हाक मारली नसती तर?

चेहऱ्यावरचा राग, दुःखही त्याला चटकन कळत नाही. आमचा बैल आजारी पडला तेव्हा अण्णा तोंड पाडून बसले होते, आणि हा आपला त्यांना गाड्यांच्या वेळा सांगतोय. आजी म्हणाली, “याला मायाच नाही.” अण्णांनी त्याला सांगितले, “बैल दुखणाईत आहे, मला वाईट वाटतंय.” तसा तो उठला नि गोठ्यात जाऊन बसला. जेवायलाही येईना.

कोणी म्हणतात, सारखे सांगत बसलो तर त्याला सवय कशी लागणार? चष्मा काढून घेतला म्हणून दिसायची सवय लागते का? आणि आनंद झाला की तो हसत नाही, हात हलवतो. ते तरी आपल्याला कुठे कळते?

मधल्या सुट्टीत त्याला घेरून “ओळख पाहू, मी कोण?” हा खेळ कृपा करून बंद करा. आधी नाव सांगा, मग बोला.

काल एकजण त्याला म्हणाली, “मी पाचवीतली, हापशाजवळ राहते.” त्याने लगेच विचारले, “तुझी शेळी व्याली का?”

— त्याची ताई, इयत्ता सातवी