पाण्याचा पंचनामा आपणच करायचा

कारखान्याचा बॉयलर पेटला की पंचक्रोशीत आनंद होतो. ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रस्त्याला लागतात. महिना-दोन महिने गेले की नाल्याचे पाणी तांबडे-काळे होते, विहिरीवर वास येऊ लागतो, जनावरे हौदाला तोंड लावत नाहीत. गावात कुजबुज होते, पण तक्रार कोणी लिहीत नाही. कारण कारखाना सहकारी असेल तर तो ‘आपलाच’ असतो, आणि खाजगी असेल तर ऊस तोडून न्यायचा की वाळवायचा हे त्याच्या हातात असते. तक्रार करणाऱ्याची तोड लांबते हे सर्वांना ठाऊक आहे. प्रदूषणाच्या प्रश्नाची खरी गाठ इथे आहे. कायदा अपुरा आहे हे रडगाणे आम्हाला मान्य नाही.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्राने पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा १९६९ साली केला आणि १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले. केंद्राचा जल कायदा १९७४ चा, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. म्हणजे कायद्याला अर्धशतक झाले. तरीही केंद्रीय मंडळाने २०१८ साली देशातील प्रदूषित नदीपट्टे मोजले, तेव्हा ३५१ पैकी ५३ महाराष्ट्रात निघाले; इतके दुसऱ्या कोणत्याही राज्यात नव्हते. २०२२ च्या अहवालात देशाचा आकडा ३११ वर उतरला, महाराष्ट्राचा मात्र ५५ वर चढला.

यात केवळ कारखान्यांचा दोष नाही, हेही स्वच्छ सांगितले पाहिजे. नगरपालिका आणि महानगरपालिका मैलापाणी सरळ नदीत सोडतात. त्यांनाही हाच कायदा लागू आहे आणि आमची फूटपट्टी त्यांनाही तीच राहील. पण शहराचे बोट दाखवून कारखान्याची सुटका होत नाही.

साखर कारखान्यांसाठी २०१६ साली नवे मानदंड आले. एक टन ऊस गाळला तर प्रक्रिया केलेले सांडपाणी १०० लिटर आणि कूलिंगचे पाणी १०० लिटर, मिळून २०० लिटरपेक्षा जास्त बाहेर जाता कामा नये. बाहेर जाण्याचे तोंड एकच हवे. पाणी नदी-नाल्यात सोडायचे तर त्याची बी.ओ.डी. लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत, जमिनीवर द्यायचे तर १०० च्या आत हवी. बी.ओ.डी. म्हणजे पाण्यातली घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाऊन टाकते त्याचे माप. तो प्राणवायू संपला की मासे वर येऊन तोंडे उघडतात आणि मरतात.

रोज ५ हजार टन गाळणाऱ्या कारखान्याला या हिशेबाने दिवसाला १० लाख लिटरची मुभा आहे. हा आकडा प्रत्येक सभासदाने पाठ करावा. गाळपाचा आकडा कारखाना रोज फलकावर अभिमानाने लिहितो. त्याला २०० ने गुणले की पाण्याची हद्द कळते.

डिस्टिलरीची गोष्ट याहून गंभीर. एक लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो, ज्याला आपण मळीचे पाणी म्हणतो. त्याची बी.ओ.डी. ४० हजारांच्या घरात असते. म्हणजे असे एक लिटर पाणी नदीत ओतले तर ते ३० च्या मर्यादेत आणायला १,३०० लिटरहून अधिक निर्मळ पाणी लागेल. उन्हाळ्यात आपल्या कोणत्या नदीत एवढे पाणी वाहते? म्हणूनच ते आटवून बॉयलरमध्ये जाळायचे किंवा प्रेसमडमध्ये मुरवून कंपोस्ट करायचे, असे बंधन आहे.

काही ठिकाणी हेच पाणी ‘फुकटचे खत’ म्हणून टँकरने शेतात सोडतात. त्यात पालाश आहे हे खरे. पण क्षारही प्रचंड आहेत. शेतीशास्त्र शिकलेले आम्ही स्पष्ट सांगतो की निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत हे पाणी वारंवार मुरवले तर जमीन खारवट होईल, आणि खालच्या शिवारातल्या विहिरी आधी बिघडतील. फुकटच्या खताची किंमत शेजारी भरतो.

इन्स्पेक्टर नको, जागल्या हवा

आमच्यातलेच काही विचारतील, सरकारी इन्स्पेक्टरांचा जाच आपण आयुष्यभर सोसला, आता पुन्हा इन्स्पेक्टरच मागायचा का? नाही. एक अधिकारी वर्षातून एकदोनदा जीपने येतो, त्याची वर्दी आधीच पोचलेली असते. त्या दिवशी शुद्धीकरणाचा प्रकल्प झकास चालू असतो. साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्या ज्यात मोडतात त्या १७ प्रकारच्या उद्योगांना सतत मोजणारी यंत्रे बसवण्याचे आदेश २०१४ साली निघाले. त्यांचे आकडे थेट मंडळाकडे जातात. चांगली गोष्ट आहे. पण यंत्र एका नळाच्या तोंडाशी बसते. पाणी दुसऱ्याच चारीने रात्री गेले किंवा पहिल्या पावसाच्या लोंढ्याबरोबर सोडले, तर यंत्राला काय कळणार? ते नाल्याकाठच्या शेतकऱ्यालाच कळते. ज्याचे नुकसान होते त्याचीच देखरेख खरी. चोवीस तास हजर असणारा असा पाहारेकरी सरकारला पगार देऊनही मिळणार नाही.

कायद्याने त्याला हत्यारेही दिली आहेत. जल कायद्याच्या कलम २५ प्रमाणे कारखान्याला कोणत्या अटींवर संमती दिली त्याची नोंदवही मंडळाने ठेवायची असते, आणि ज्याला त्या पाण्याची झळ बसते त्याला ती पाहण्याचा हक्क आहे. प्रत्येक उद्योगाने पाणी किती वापरले, घाण किती सोडली याचे पर्यावरण विवरणपत्र दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत मंडळाला द्यायचे असते. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने १० रुपयांच्या अर्जावर ते मागता येते. कलम ४९ प्रमाणे ६० दिवसांची नोटीस देऊन नागरिक स्वतः कोर्टात जाऊ शकतो. पुण्यात हरित न्यायाधिकरणाचे खंडपीठ आहे, तिथे नुकसानभरपाईही मागता येते.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपण बाटलीत भरलेले पाणी कोर्टात पुरावा म्हणून सहजी टिकत नाही. मंडळाच्या अधिकाऱ्याने कलम २१ प्रमाणे घेतलेला, दोन भाग करून सीलबंद केलेला आणि दोघांच्या सह्या असलेला नमुनाच टिकतो. मग आपल्या नोंदीचा उपयोग काय? अधिकाऱ्याला कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या तोंडाशी उभे करायचे, हे आपली नोंदच सांगते.

कारखाना बंद पडेल त्याचे काय?

उभ्या उसाची भीती दाखवली जाईल. ती भीती खोटी नाही. पण शुद्धीकरणाचा खर्च वाचवून जो नफा दाखवला जातो, तो नदीकाठच्या शेतकऱ्याच्या विहिरीतून काढलेला असतो. मालाला भाव देताना लुटणारा आणि पाणी नासवून लुटणारा, दोघांत आम्ही फरक करीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितले आहे की घाण करील त्यानेच भरपाई करावी. कारखाना बंद पाडणे हे आमचे उद्दिष्ट नाही. तो नियमाने चालावा, एवढेच मागणे आहे.

प्रत्येक तालुक्याने पुढच्या जिल्हा बैठकीला येताना एवढे करून यावे:

१. आपल्या भागातील प्रत्येक कारखान्याच्या संमतीपत्राची आणि शेवटच्या विवरणपत्राची प्रत काढावी.

२. नाल्याच्या वरची बाजू, कारखान्याचे तोंड आणि खालची बाजू, अशा तीन ठिकाणी दर आठवड्याला रंग, वास, मेलेले मासे यांची तारीख-वेळेसह नोंद वहीत करावी. दोघांच्या सह्या असाव्यात.

३. खालच्या बाजूच्या पाच विहिरींचे पाणी हंगामापूर्वी आणि हंगामानंतर माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत तपासावे. क्षारता २.२५ च्या वर गेली तर ते पाणी पिकाला धोक्याचे.

४. तक्रार एकट्याने करू नये. पन्नास सह्यांनी, ग्रामसभेच्या ठरावासह करावी. पन्नास जणांची तोड कोणी अडवू शकत नाही.

५. सहकारी कारखान्याच्या सभासदांनी वार्षिक सभेच्या अहवालात पाण्याचे विवरणपत्र छापण्याची लेखी मागणी करावी. ताळेबंदात साखरेच्या पोत्यांचा हिशेब असतो, तसा पाण्याचाही असला पाहिजे.

वह्या घेऊन या. बैठकीत भाषणे कमी होतील, वह्या वाचल्या जातील.