राजवाडा, वृत्तपत्र आणि पुरावा

कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांच्या छळाचा आरोप ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर केला. आधाराची पत्रे बनावट ठरली आणि १८८२ साली टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पुढे डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरला, पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर महाराजांचा अंत झाला. संपादकांची चिंता खरी होती; पुरावा मात्र पारखलेला नव्हता.

सत्तेने यातून वेगळाच धडा घेतला. संस्थानिकांवरील टीकेला आवर घालणारे विधेयक १९२२ साली मध्यवर्ती विधिमंडळाने नाकारले, तरी व्हाइसरॉयने ते स्वतःच्या अधिकारात कायदा म्हणून लादले.

१९७१ साली तनखे गेले; घराण्यांचा दबदबा उमेदवाऱ्यांतून उरला. वृत्तपत्रे मात्र राजवाड्यातील लग्ने आणि भाऊबंदकी रंगवण्यात दंग आहेत. करकंबच्या शेतमजुराला त्याचे काय? राजघराण्याचे खाजगी दुःख हा बातमीचा माल नव्हे. त्याच्याकडील जमीन, सार्वजनिक पैसा आणि सत्ता यांचा जाब मात्र विचारलाच पाहिजे. तो निर्भयपणे विचारावा, पण कागद पारखून. कार्यकर्त्यांनीही हे पथ्य पाळावे.