संप्रेरकाचे पुढे काय होते?

विद्यार्थी मित्रांनो, ‘अमुक संप्रेरक कोणत्या ग्रंथीत तयार होते?’ या प्रश्नाचे उत्तर तुम्हांला पाठ असते. पण ‘काम संपल्यावर त्या संप्रेरकाचे काय होते?’ असे विचारले, तर वर्गात शांतता पसरते. माझ्या मते हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

झेब्रा माशाचे उदाहरण घ्या. अंगावर निळे पट्टे असलेला हा चिमुकला मासा मूळचा आपल्याकडचाच. गंगेतील माशांवरच्या १८२२ सालच्या ग्रंथात फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी त्याचे वर्णन केले. आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत पाळला जातो. त्याला जाळ्यात पकडले, की त्याच्या रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. त्यामुळे शरीराला जादा साखर मिळते व संकटाला तोंड देता येते. परंतु कॉर्टिसॉलचे प्रमाण दीर्घकाळ चढेच राहिले, तर माशाची वाढ खुंटते आणि रोगाशी झगडण्याची शक्तीही घटते.

म्हणून काम होताच कॉर्टिसॉलचा निकाल लावावा लागतो. हे काम विकरे करतात. एक विकर कॉर्टिसॉलच्या रेणूतून हायड्रोजनचे २ अणू काढून घेते. किल्लीचा दात घासला जावा तसे होते. ती आता कुलपात बसत नाही. मग दुसरे विकर हायड्रोजनचे २ अणू पुन्हा जोडते, पण निराळ्या जागी! गंमत अशी, की या शेवटच्या पदार्थातही कॉर्टिसॉलइतकेच, म्हणजे कार्बनचे २१, हायड्रोजनचे ३० व ऑक्सिजनचे ५ अणू असतात. फक्त जागा बदलली आणि संप्रेरक निष्प्रभ झाले. नंतर ते शरीराबाहेर टाकले जाते. झेब्रा माशातील या दुसऱ्या विकराचे महत्त्व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

पहिल्या विकराचा भाऊबंद आपल्या मूत्रपिंडातही असतो. ज्येष्ठमध फार दिवस व फार प्रमाणात खाल्ल्यास त्या विकराचे काम अडते आणि रक्तदाब वाढू शकतो. येथे कॉर्टिसॉल जास्त तयार झालेले नसते, त्याचा निचरा तुंबलेला असतो. ‘कोठे तयार होते?’ एवढेच शिकलेल्या विद्यार्थ्याला हा आजार कसा उलगडणार?

मी भौतिकशास्त्र शिकवतो. टाकीतल्या पाण्याची पातळी नळावर जितकी, तितकीच मोरीवर अवलंबून असते, हे आमच्या विषयात पहिल्याच धड्यात कळते. जीवशास्त्रात मात्र आपण नळ शिकवतो आणि मोरी विसरतो. शिक्षकांना माझी विनंती आहे, की ग्रंथींच्या तक्त्यात ‘शेवट कसा होतो?’ असा आणखी एक रकाना आखावा.

आणि मुलांनो, घरात माशांची टाकी असेल तर काचेवर टकटक करू नका, उगाच जाळे फिरवू नका. विकरांना त्यांचे काम उरकायला वेळ लागतो. आधीची भीती ओसरण्यापूर्वीच नवी भीती घातली, तर त्या बिचाऱ्या माशाची मोरी नळाला पुरी पडत नाही.