आधी गुडघा बघा, मग घड्याळ

६ ऑगस्ट २०२२, शनिवार. मालवणात पाऊस, मैदानात गुडघाभर पाणी. शाळेच्या व्हरांड्यात सात मुली आणि मी एका मोबाईलवर बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतली महिलांची १०,००० मीटर चालण्याची शर्यत बघत होतो. ट्रॅकच्या पंचवीस फेऱ्या. प्रियांका गोस्वामी आधी आघाडीवर, मग मागे, शेवटी पुन्हा दुसरी. ४३ मिनिटे ३८.८३ सेकंद, ऑस्ट्रेलियाच्या जेमिमा मॉन्टॅगमागोमाग रौप्य. राष्ट्रकुलात या प्रकारात पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच दिवशी आपल्या बीडच्या अविनाश साबळेने स्टीपलचेसमध्ये रौप्य मिळवले. आपल्याकडे चर्चा त्याची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण माझ्या डोक्यात राहिला तो आठवीतल्या एका मुलीचा प्रश्न.

“सर, ही चलता की धावता?”

हा प्रश्न आपल्यापैकी किती क्रीडाशिक्षकांनी स्वतःला विचारला आहे? एक पाय सतत जमिनीला हवा, आणि पुढचा पाय टेकल्यापासून शरीराखाली उभा येईपर्यंत गुडघा सरळ हवा. नियम एवढाच. तो पाळला जातो की नाही, हे ठरवतो पंचाचा उघडा डोळा. कॅमेऱ्यात दिसलेली उडी धरली जात नाही. पिवळी पाटी ही ताकीद. तीन वेगवेगळ्या पंचांची तीन लाल कार्डे पडली की चालणारी बाद, किंवा दंडकक्षाची सोय असेल तर तिथे थांबणार. सिडनी ऑलिंपिकमध्ये, २००० साली, जेन सॅव्हिल घरच्या प्रेक्षकांसमोर सर्वांत पुढे होती. स्टेडियमच्या तोंडाशी तिला बाद केले गेले. महिलांची २० किलोमीटर चाल ऑलिंपिकमध्ये आली तेच ते वर्ष.

आपल्याकडच्या शालेय स्पर्धांत मी काय बघत आलो? मुलींची ३००० मीटर चाल सुरू होते आणि आम्ही सगळे स्टॉपवॉच घेऊन अंतिम रेषेवर गोळा होतो. वळणावर कुणी नसते. माझीच एक विद्यार्थिनी अशी जिंकत जिंकत वर गेली आणि वरच्या स्पर्धेत अर्ध्यातच बाद झाली. तिचा गुडघा वाकतो, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. दोन वर्षे मी तिची वेळ लिहीत होतो. बाजूला उभा राहून तिचा पाय मी एकदाही पाहिला नव्हता. ती चूक माझी.

तेव्हापासून पावसाळा सरला की ओहोटीच्या वेळी मुलींना चिवल्याच्या किनाऱ्यावर नेतो. वेगासाठी नाही; मऊ वाळूत वेग शिकवूच नये. पाणी नुकतेच ओसरलेल्या घट्ट, ओल्या पट्ट्यावर पन्नास पावले चालायला लावतो आणि मग सगळ्यांनी मागे वळून बघायचे. कंबर नीट फिरत असेल तर पावले जवळजवळ एका रेषेत पडतात. दोन समांतर ओळी उमटल्या, तर बाई बाजाराला चालली आहे. टाचेचा खळगा खोल आणि स्वच्छ हवा. पाऊल सपाट उमटले की गुडघ्याकडे बघायचे. पाय हवेत सुटतो का, ते मात्र वाळू सांगत नाही. त्यासाठी एक मुलगी वाळूवर पोटावर झोपते आणि घोट्याच्या उंचीवरून बघते.

तालुका स्पर्धा तोंडावर आल्या आहेत. माझी विनंती आहे, यंदा चालण्याच्या शर्यतीला प्रत्येक वळणावर एक शिक्षक उभा करा, हातात पिवळी पाटी द्या. कार्डबोर्डची चालेल. त्या शनिवारी प्रश्न विचारणारी मुलगी आता आमच्या सरावात ती पाटी घेऊन उभी राहते, आणि मोठ्या मुलींनाही सोडत नाही.