शुगरच्या वहीतले आकडे

मुलांच्या वह्या तपासण्यात माझी वीस वर्षं गेली. कोणी गृहपाठ रोज केला आणि कोणी आदल्या रात्री बसून आठवड्याचा एकदम उतरवला, हे पान उलटताच कळतं. शाई एक, अक्षराचा कल एक, कुठे खाडाखोड नाही. गेल्या वर्षी अशीच एक वही घरात माझ्या हाती आली. ती माझ्या खालाजानची होती.

खालाजानना मधुमेह होऊन 14 वर्षं झाली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्या घरच्या मशीनवर साखर तपासून वहीत लिहायच्या. दीड महिन्याचे आकडे पाहिले तर 118, 126, 121. एकही 130 च्या वर नाही. सगळे एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेले. त्याच आठवड्यात एचबीएवनसीचा रिपोर्ट आला, 10.2. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते. 10.2 म्हणजे सरासरी साखर 240 च्या पुढे. वही एक सांगत होती, रक्त दुसरंच.

मला राग आला. वर्गात विचारते त्याच आवाजात मी विचारलं, "खाला, तुम्ही खोटे आकडे लिहिता?" त्या खाली बघत म्हणाल्या, "सच्ची लिखी तो तुम लोगां चिल्लाते ना बेटा."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. कारण त्यांचं म्हणणं खरं होतं. आकडा वाढला की घरात चौकशी सुरू व्हायची. "रात्री काय खाल्लं?", "परत साखरेचा चहा?" लहान मुलंसुद्धा "दादी, आज किती मार्क?" असं विचारून हसायची. आम्ही काळजीपोटी बोलत होतो, पण त्यांच्या कानावर रोज नापासाचाच शेरा पडत होता. मार खाणारा मुलगा प्रगतिपुस्तक लपवतो, तसं खालाजाननी आकडे लपवले.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी जेवणाचं विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "झोप लागते का? दिवसभर घरी कोण असतं?" खालाजान रडायला लागल्या. खालूजानच्या इंतेकालनंतर दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यांना विजापूर वेशीजवळच्या जुन्या घरातून आमच्याकडे जुळे सोलापूरला आणलं. तिथे दार दिवसभर उघडं असायचं, शेजारणी येता-जाता बोलायच्या. इथे तिसऱ्या मजल्यावर सकाळी साडेसातला आम्ही सगळे बाहेर पडतो, ते संध्याकाळपर्यंत बंद दार. दुपारची गोळी त्या कधी विसरायच्या, कधी मुद्दाम सोडायच्या. "किसके वास्ते खाऊं?" असं त्यांनी डॉक्टरांसमोर म्हटलं. मिठाई त्यांनी महिनाभर खाल्ली नव्हती. आम्ही मात्र मिठाईच शोधत होतो.

मनाचा साखरेशी संबंध दोन वाटांनी येतो. पहिली वाट शरीरातली. ताण आला की अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं वाढतात. ती यकृताला साठवलेली साखर रक्तात सोडायला लावतात आणि इन्सुलिनचा परिणाम कमी करतात. संकटात पळायला ताकद मिळावी म्हणून ही सोय आहे. पण दुःख आणि काळजी महिनोन्महिने राहिली तर साखरही चढी राहू शकते. दुसरी वाट वागण्यातली. मन खचलं की गोळी राहते, चालणं राहतं, झोप जाते, जेवणाची वेळ बिघडते.

मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळतं. त्याशिवाय आणखी एक त्रास असतो. रोज टोचून घेणं, रोज मोजून खाणं, डोळे-किडनीची भीती, घरच्यांचे टोमणे यांचा थकवा येतो. तज्ज्ञ याला नैराश्य म्हणत नाहीत, तो या आजाराचा मानसिक भार आहे. हा भार मोजण्यासाठी 1995 पासून खास प्रश्नावलीही वापरात आहे. म्हणजे खालाजानचा हा काही एकटीचा नखरा नव्हता.

आता स्वभावाचं. पूर्वी काही डॉक्टर मानत की एका विशिष्ट स्वभावाच्या माणसांनाच मधुमेह होतो. ती समजूत पुढे टिकली नाही. पण आजार झाल्यावर तो कसा सांभाळला जातो, यात स्वभावाचा वाटा असतो. शिस्तीच्या, वेळ पाळणाऱ्या माणसाला औषध आणि पथ्य सोपं जातं. माझी अम्मी बेफिक्र स्वभावाची. "अल्लाह मालिक है" म्हणून ती तपासणीच टाळते. तवक्कुलचा अर्थ उंट मोकळा सोडणं नाही, हे तिला दर वेळी आठवण करून द्यावं लागतं. खालाजान फिक्रमंद. एक आकडा वाढला की त्या दिवसात चार वेळा टोचून घ्यायच्या, आणि मग निराश होऊन आठवडाभर मशीनला हात लावायच्या नाहीत. दोघी सख्ख्या बहिणी, आजार एक, गोळ्याही जवळपास त्याच. पण अम्मीला तारीख पक्की करून दवाखान्यात न्यावं लागतं, तर खालाजानना धीर द्यावा लागतो. दोघींना एकच भाषण देऊन उपयोग नाही. स्वभाव बदलत नसला तरी सवय लावता येते. गोळीची डबी जेवणाच्या ताटाशेजारी ठेवणं ही तशीच एक सवय.

उलटंही घडतं, हे घरातल्यांनी ओळखायला हवं. औषधावर असलेल्या माणसाची साखर 70 च्या खाली गेली की घाम येतो, हात थरथरतात, आणि माणूस अकारण चिडतो किंवा गोंधळून बोलतो. आपण म्हणतो, "वयामुळे स्वभाव तिरसट झालाय." त्या वेळी वाद घालू नये, आधी साखर तपासावी. कमी असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, लगेच दवाखाना गाठावा.

आपल्या घरांत हा मनाचा भार रमजानमध्ये सर्वांत जास्त जाणवतो. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 13 देशांच्या पाहणीत, भारतही त्यात होता, टाइप 2 मधुमेह असलेल्या सुमारे 79 टक्के मुस्लिमांनी महिन्यात किमान 15 रोजे ठेवल्याचं आढळलं. त्याच पाहणीत त्या महिन्यात साखर धोकादायकरीत्या कमी होण्याचे प्रसंग वाढलेलेही दिसले. अनेक जण डॉक्टरांना न विचारता रोजा ठेवतात, कारण "लोक काय म्हणतील" ही शरम असते. सूरह बकरहमध्ये आजारी माणसाला सवलत दिलेली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही. काहींना डॉक्टर औषधाच्या वेळा बदलून परवानगी देतात, काहींना देत नाहीत. रमजानच्या दीड-दोन महिने आधी हे विचारून घ्यावं. आणि ज्याला रोजा मना आहे, त्याला इफ्तारच्या दस्तरखानावर सर्वांसोबत मानाने बसवावं. गेल्या रमजानमध्ये खालाजानना रोजा मना होता. इफ्तारची दुआ त्यांनीच म्हणावी, असं आम्ही ठरवलं.

मन सांभाळल्याने फरक पडतो का? आपल्या देशातल्याच चार मधुमेह दवाखान्यांत 404 रुग्णांवर याचा अभ्यास झाला आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. साखर आटोक्यात नसलेले आणि मनाने खचलेले हे रुग्ण होते. त्यांतल्या निम्म्या लोकांची नियमित विचारपूस करायला एक प्रशिक्षित कार्यकर्ता नेमला आणि त्याच्या मागे मधुमेहाचे व मनोविकाराचे डॉक्टर होते. दोन वर्षांनी या गटात उदासी कमी झालेल्यांचं प्रमाण नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त होतं.

असा कार्यकर्ता घरोघरी येणार नाही. पण विचारपूस आपण करू शकतो. आम्ही घरात तीन गोष्टी ठरवल्या. आकडा पाहून कोणी "काय खाल्लं?" विचारायचं नाही, "कसं वाटतंय?" विचारायचं. पथ्याचं जेवण एकट्या खालाजानचं नाही. ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि बेताचा भात सर्वांच्याच ताटात. आणि शुक्रवारी माझा मुलगा त्यांना जुन्या मोहल्ल्यात मैत्रिणींकडे सोडून येतो.

तुमच्या घरात कोणाला मधुमेह असेल तर दोन गोष्टी विचारून बघा. मागच्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास होतं का? पूर्वी आवडणाऱ्या कामात रस राहिला नाही का? एकाचंही उत्तर "हो" असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना साखरेसोबत हेही सांगा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. मनाच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे ईमान कमजोर असणं नव्हे. आजारावर इलाज करणं ही आपल्याला मिळालेली शिकवण आहे, आणि मनही आजारी पडतं.

खालाजानचा शेवटचा एचबीएवनसी 8.1 आला. अजून बरंच बाकी आहे. पण वही बदलली आहे. कधी निळी शाई, कधी पेन्सिल, एक-दोन जागी खाडाखोड. मागच्या मंगळवारी 212 आकडा आहे आणि त्याच्यापुढे उर्दूत लिहिलंय, "रात नींद नै आई, उनकी याद आई." हा आकडा पाहून घरात कोणीही काही बोललं नाही. मी चहा केला, बिनसाखरेचा, आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.