घरातील धैर्य आणि माळ्यावरची ट्रंक

१/ ठाण्याच्या नौपाड्यात किंवा डोंबिवलीच्या जुन्या वस्तीत एखादी इमारत पुनर्विकासासाठी रिकामी होऊ लागली, की माळ्यावरची ट्रंक खाली येते. तीत जुनी पत्रे, शिधापत्रिका, रेल्वेचे पास, सोनाराकडील गहाणाच्या पावत्या असतात. भांडी मोजून नव्या घरी जातात; कागद किलोच्या भावाने रद्दीत जातात. त्या रद्दीबरोबर घरातील कुणाचे धैर्य निघून जाते, हा या धाग्याचा विषय.

२/ शौर्य म्हटले की मराठी मन गडकिल्ल्यांकडे पाहते. त्यात गैर काही नाही. मात्र घरातील धैर्याची कथा बहुधा ‘तिने फार सोसले’ एवढ्या एका वाक्यात संपते. या वाक्यात साल नाही, रक्कम नाही, निर्णय नाही. सोसणे आणि धैर्य एकच नव्हे. सोसणे वाट्याला येते. धैर्यात माणूस काहीतरी ठरवतो. काय ठरवले, केव्हा ठरवले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे कळल्याविना कौतुक पोकळच राहते.

३/ याचे सर्वांत ठळक उदाहरण कल्याणचेच आहे. कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना, म्हणजे पुढील आनंदीबाई जोशी. जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास झालेला मुलगा दहा दिवसांत गेला. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. पती सोबत नव्हते. ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हानियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने मृत्यू. वय पुरते बावीसही नव्हते.

४/ हे सारे आज इतक्या तपशिलाने ठाऊक आहे, कारण कुणीतरी कागद जपले. न्यू जर्सीतील रोसेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांच्याशी आनंदीबाईंचा पत्रव्यवहार होता. अमेरिकेत त्यांचे घर हेच आनंदीबाईंचे माहेर झाले. आनंदीबाईंच्या अस्थीही पुढे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या. त्या स्नेहातून उरलेल्या पत्रांच्या व आठवणींच्या आधारे कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये इंग्रजी चरित्र लिहिले. पुढे काशीबाई कानिटकरांनी मराठी चरित्र सिद्ध केले.

५/ कागद नसते तर काय उरले असते? ‘पत्नीला शिकवणारा थोर पती’ एवढी एक कथा. ती खोटी नाही. गोपाळरावांच्या हट्टाविना ते शिक्षण सुरूच झाले नसते. परंतु अमेरिकेतून पतीलाच लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी लहानपणी खाल्लेल्या लाकडाच्या माराची आणि अंगावर फेकल्या गेलेल्या खुर्च्या-पुस्तकांची आठवण दिली आहे. ते वागणे चांगले की वाईट, हे ठरवणे आपल्याला अवघड वाटते, असेही त्या लिहितात. कौटुंबिक आख्यायिका सारा हार एकाच गळ्यात घालते. पत्र त्या हारातील फुले वेगवेगळी करून दाखवते.

६/ आता शंभर वर्षे पुढे येऊ. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे २.५ लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो औपचारिकरीत्या कधी मागे घेतला गेलाच नाही. त्या काळात कित्येक घरांची चूल स्त्रियांनी पेटती ठेवली: खाणावळ चालवून, पापड लाटून, शिवणकाम करून, परक्या घरची धुणीभांडी करून. गिरणगाव सुटल्यावर अनेक कुटुंबे डोंबिवली, कल्याण, बदलापूरकडे सरकली. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे आहेत. पहिली बांगडी कोणी, कोणत्या महिन्यात गहाण ठेवली, याची नोंद फक्त त्या पावतीवर आहे.

७/ अशा नोंदीला मोल नाही, असे कुणी मानू नये. गिरणगावातील खाणावळवाल्या बायकांचे श्रम प्रेमा पुरव यांनी ओळखले आणि १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. ज्यांना सावकाराशिवाय कुणी दारात उभे करत नव्हते, त्यांना बँकेचे कर्ज मिळू लागले. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या माणसांच्या तोंडून ऐकलेला इतिहास २००४ मध्ये ग्रंथरूपाने आणला. विचारणारा भेटला, तेव्हा सामान्य माणसे नेमके आणि पुष्कळ बोलली.

८/ दोन आक्षेप हमखास येतात. पहिला: प्रत्येक आजीला आनंदीबाई ठरवायचे काय? मुळीच नाही. आजीची थोरवी सिद्ध करण्यासाठी कागद जपायचे नसतात. तिचा निर्णय तिच्या नावावर राहावा, यासाठी जपायचे असतात. दुसरा: जुन्या कागदांतून घरची उणीदुणी बाहेर येतील. येतील. ज्या घरात कुणाला धैर्य दाखवावे लागले, त्या घरात ते दाखवण्याची वेळ कुणीतरी आणलीही होती. कधी ती दारिद्र्याने आणली, कधी रूढीने, कधी घरातल्याच माणसाने. ते कारण झाकले की धैर्यही झाकले जाते.

९/ कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, म्हणजे आनंदीबाईंच्या जन्माच्या आदल्या वर्षीचे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. छापील ग्रंथ जपण्याची परंपरा या शहरांना नवी नाही. घरातील हस्तलिखित कागदांना मात्र वाली नसतो. त्यांचे पहिले अभिलेखागार घर हेच असते.

१०/ म्हणून ट्रंक उघडताना घाई करू नये. प्रत्येक कागदाचे छायाचित्र घ्यावे. मागे साल आणि नाव लिहावे. मोडीतील कागद वाचता येत नाही म्हणून फेकू नये. घरातील वडीलधाऱ्या बाईला ‘तुम्ही किती सोसलंत’ असे म्हणण्यापेक्षा ‘त्या दिवशी तुम्ही काय ठरवलंत, आणि कोण विरोधात होतं?’ असे विचारावे. उत्तर तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे, न पटणारा भागही वगळू नये. नवी इमारत तीन-चार वर्षांत उभी राहते. त्या उत्तराला मात्र तेवढी सवड असेलच, असे नाही.